मदत हवी आहे: ईएसपी३२ + बीसी५४७, १२ व्होल्टचा रिले ओढत नाही

कोयनाकाठ:
ईएसपी३२ (३.३ व्होल्टचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड) च्या पिनवरून १२ व्होल्टचा रिले (कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा स्विच) चालवायचा आहे. कॉइल मीटरवर ४०० ओहम दाखवते. बीसी५४७बी ट्रान्झिस्टरचा कलेक्टर थेट १२ व्होल्टला, एमिटरला कॉइल, कॉइलचं दुसरं टोक ग्राउंडला. पिन आणि बेसच्या मध्ये १० के (किलोओहम) चा रेझिस्टर. अडॅप्टर आणि बोर्डाचं ग्राउंड एकच आहे. पिन चालू केल्यावर पिनवर ३.३, बेसवर ३.०, एमिटरवर २.३५ व्होल्ट. दुसरा ट्रान्झिस्टर लावला तरी तेच आकडे. कलेक्टरवर पूर्ण १२ येतात, मग कॉइलपर्यंत का पोचत नाहीत?

जुनारेडिओ:
आकडे दिलेत ते फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. ट्रान्झिस्टर शाबूत आहे, कॉइल चुकीच्या पायाला लागली आहे.

बेस ते एमिटर हा एक डायोडच. बेस एमिटरपेक्षा साधारण ०.६५ व्होल्ट वर असेल तरच प्रवाह वाहतो. तुमच्याकडे कॉइलमधून प्रवाह सुरू झाला की एमिटर वर चढतो, फरक कमी होतो आणि ट्रान्झिस्टर स्वतःच स्वतःला आवरतो. बेस ३.० तर एमिटर २.३५, त्याच्या वर नाही; कलेक्टरला २४ दिलेत तरी हेच. २.३५ भागिले ४०० म्हणजे जेमतेम ६ मिलिअँपिअर. कॉइलला ३० लागतात, आणि असे रिले ९ व्होल्टच्या आसपास ओढतात.

आता एमिटर थेट ग्राउंडला लावा. कॉइल १२ व्होल्ट आणि कलेक्टरच्या मध्ये घ्या. कॉइलला समांतर १एन४००७, पट्टीचं टोक १२ व्होल्टकडे. हा डायोड गाळू नका: प्रवाह तुटताना कॉइल उलटा दाब उसळवते आणि बीसी५४७ कलेक्टर-एमिटरमध्ये ४५ व्होल्टच सोसतो. बेसला १० के ऐवजी १.५ के लावा. सुटलेला १० के बेस आणि एमिटरमध्ये टाका, म्हणजे बोर्ड चालू होताना पिन लोंबकळत असली तरी रिले उगाच वाजणार नाही.

कोयनाकाठ:
कॉइल कलेक्टरला घेतली, डायोडही लावला. १० के तसाच ठेवूनही रिले ओढतो. गेन (कलेक्टरचा प्रवाह बेसच्या किती पट) २०० धरला तर बेसच्या ०.२६ मिलिअँपिअरवर ५२ मिळतात, ३० पुरे आहेत. मग १.५ के कशाला?

जुनारेडिओ:
कारण डेटाशीटमधला (उत्पादकाच्या माहितीपत्रकातला) तो गेन कलेक्टरवर ५ व्होल्ट असताना, २ मिलिअँपिअरला मोजलेला असतो. स्विच म्हणून वापरताना कलेक्टर ०.२ व्होल्टपर्यंत खाली यायला हवा, आणि तिथे तो गेन उरत नाही.

आत काय होतं बघा. एमिटरमध्ये भरपूर इलेक्ट्रॉन, बेसचा थर अतिशय पातळ आणि त्यात होल (इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा) कमी. एमिटरमधून बेसमध्ये शिरलेल्या दोनशेतला एखादाच इलेक्ट्रॉन होलशी जुळतो. बाकीचे पलीकडे पोचतात आणि कलेक्टरचं क्षेत्र त्यांना ओढून नेतं. जुळलेल्यांची भरपाई आणि बेसमधून उलट एमिटरमध्ये जाणारे होल, हे मिळून बेसचा प्रवाह. कलेक्टर बेसच्याही खाली उतरला की बेस-कलेक्टर जोडही सरळ दिशेने उघडू लागतो, ओढ कमी होते, इलेक्ट्रॉन बेसमध्ये साचतात आणि त्यासाठी बेसला जास्त प्रवाह पुरवावा लागतो. म्हणूनच डेटाशीटमध्ये संपृक्त (पूर्ण उघड्या) अवस्थेतला कलेक्टर-एमिटर दाब १०० मिलिअँपिअरला बेसमध्ये तब्बल ५ देऊन मोजलेला दिसेल, म्हणजे २० पट. तोच आकडा धरा: ३० भागिले २० म्हणजे १.५ मिलिअँपिअर, २.६ व्होल्ट (पिनचे ३.३ वजा बेसचे ०.७) भागिले १.५ म्हणजे सुमारे १.७ के, म्हणून १.५ के.

उद्या बी गटाऐवजी ए गटाचा, ११० गेनचा नग हाती आला तर १० के वर हिशेबाने २८ मिलिअँपिअरच मिळतील. रिले कदाचित ओढेलही, पण कलेक्टर ०.२ व्होल्टपर्यंत पूर्ण खाली उतरणार नाही.

तळकोकणी:
याच धाग्यात विचारतो. ५ व्होल्टचा रिले आहे, कॉइल ७० ओहम. बीसी५४७ काढून त्याच भोकांत पीएन२२२२ए घातला तर चालेल?

जुनारेडिओ:
त्याच भोकांत तसाच घालू नका. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर बीसी५४७ चे पाय डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. पीएन२२२२ए चे एमिटर, बेस, कलेक्टर. फिरवून लावा. उलटा लागला तर गेन अगदी थोडा मिळतो, रिले ओढत नाही. १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये तर बेस-एमिटर जोड उलट दिशेने फुटतो (बीसी५४७ ला मर्यादा ६ व्होल्ट) आणि नंतर सुलटा लावला तरी गेन घटलेलाच राहू शकतो.

तुमच्या कॉइलला ७१ मिलिअँपिअर लागतात. बीसी५४७ ची कमाल १०० असल्याने तो काठावर आहे. बीसी३३७ घ्या, त्याचे पाय बीसी५४७ सारखेच. पिन ३.३ व्होल्टची असेल तर बेसला ६८० ओहम.

पायांची शंका असेल तर मीटर डायोडवर ठेवा, लाल टोक बेसला, काळं आळीपाळीने उरलेल्या दोन पायांना. दोन्हीकडे ०.६ ते ०.७ दिसेल, ज्या पायाला आकडा काही मिलिव्होल्ट जास्त, तो एमिटर. मोजताना ट्रान्झिस्टर बोटांत धरू नका, तापला की आकडा उतरतो आणि एवढा बारीक फरक कळत नाही.