केराटोकोनससाठी सेमी-सॉफ्ट लेन्सचे फिटिंग : दुसरे मत घ्यावे का?

गणित_शिक्षिका :

नमस्कार. माझे वय २६ असून मी मिरजेजवळच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. महाविद्यालयात असताना चष्म्याचा तिरका नंबर वरचेवर बदलू लागला, तेव्हा केलेल्या टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या आकाराच्या नकाशात) दोन्ही डोळ्यांना केराटोकोनस असल्याचे, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा (कॉर्निया) पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत असल्याचे, निदान झाले. उजव्या डोळ्यावर दोन वर्षांपूर्वी क्रॉस-लिंकिंग (कॉर्निया घट्ट करून आजाराची वाढ थांबवणारा उपचार) झाले आणि त्यानंतर आजार स्थिर आहे. डाव्या डोळ्यात तो सौम्य आहे. चष्म्याने ६/९ दिसते. उजव्या डोळ्याला मात्र चष्मा लावूनही ६/३६ च्या पुढे दिसत नाही, म्हणून काही महिन्यांपूर्वी त्या डोळ्यासाठी सेमी-सॉफ्ट लेन्स (नाव तसे असले तरी ही कडक लेन्सच) बनवून घेतली.

लेन्स घातली की ६/९ दिसते आणि हे सुख मला सोडायचे नाही. परंतु सकाळी घातलेली लेन्स मधल्या सुट्टीपर्यंत खुपू लागते, डोळा लाल होतो आणि शेवटच्या तासाला ती काढावीच लागते. बाजूला पाहिले की लेन्स बुबुळावरून सरकते, आणि दोनदा तर वर्गातच निघून पडली. जेथे लेन्स बनवली तेथे प्रत्येक वेळी "सवय होईल" एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या एका ठिकाणी सांगितले की तुम्हाला स्क्लेरल लेन्सच (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) लागेल. तिची किंमत कितीतरी पट जास्त आहे. घरचे वडीलधारे म्हणतात की शेवटी बुबुळ बदलावेच लागते, मग लेन्सवर खर्च कशाला?

माझ्या टोपोग्राफीत उजव्या डोळ्याची वक्रता ४८.५० आणि ५३.०० डायऑप्टर, सर्वांत वक्र बिंदूचा आकडा ५६ डायऑप्टर आणि सर्वांत पातळ जागी जाडी ४३१ मायक्रॉन आहे. लेन्सच्या कार्डावर बेस कर्व्ह (लेन्सच्या आतल्या बाजूची वक्रता) ७.१० आणि व्यास ९.२ मिलिमीटर असे लिहिले आहे. या त्रासाला सवयीचा अभाव म्हणायचे की फिटिंगमधला दोष? दुसरे मत घ्यायचे झाल्यास ते कोणाकडून आणि कसे घ्यावे? माझ्या डॉक्टरांनी आजार वेळेत ओळखला, त्यांचा अनादर व्हावा असे मला वाटत नाही, म्हणून हा प्रश्न अधिकच अवघड वाटतो.

ऑप्टोमेट्रिस्ट_पुणे :

ताई, तुम्ही आकडे दिलेत हे फार चांगले केले, कारण त्यांच्यामुळे मोघम सल्ल्याच्या पुढे जाऊन काही सांगता येते. मी डोळा पाहिलेला नाही, त्यामुळे हे निदान समजू नये.

प्रथम सवयीविषयी. कडक लेन्सची सवय व्हावी लागते हे खरेच आहे. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पापणीला लेन्सची कड जाणवते, पाणी येते, आणि मग ते दिवसागणिक कमी होत जाते. तुमचा त्रास उलट्या दिशेने जातो आहे : सकाळी बरे वाटते, दुपारी खुपते आणि महिने लोटले तरी त्यात उतार नाही. अशा तक्रारीला सवयीचे नाव देऊन थांबणे मला पटत नाही; ती फिटिंग पुन्हा तपासण्याची वेळ असते.

आता आकडे. वक्रतेचा डायऑप्टरमधला आकडा मिलिमीटरमध्ये आणायचा असेल तर ३३७.५ ला त्याने भागायचे. तुमचे ४८.५० म्हणजे ६.९६ मिलिमीटर आणि ५३.०० म्हणजे ६.३७ मिलिमीटर. मिलिमीटरमधला आकडा जितका मोठा, तितकी लेन्स सपाट. म्हणजे ७.१० ची तुमची लेन्स तुमच्या कॉर्नियाच्या सर्वांत सपाट रेषेपेक्षाही सपाट आहे. आम्ही साधारणपणे दोन्ही वक्रतांच्या सरासरीच्या आसपास किंवा त्याहून थोड्या खोल (म्हणजे जास्त वक्र) लेन्सपासून चाचणी सुरू करतो आणि डिझाइननुसार पुढेमागे जातो. केवळ या आकड्यावरून लेन्स चुकीची ठरत नाही. तरीही सपाट लेन्स शंकूच्या टोकावर टेकून डोलते, तिची कड उचलली जाते, तिच्याखाली धूळ शिरते आणि ती सरकते किंवा पडते. तुमचे वर्णन या चित्राशी जुळते.

फिटिंगचा खरा निवाडा स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून पाहण्याच्या यंत्राखाली) होतो. डोळ्यात फ्लोरेसीन या रंगद्रव्याचा थेंब घालून निळ्या प्रकाशात पाहिले की जेथे लेन्सखाली अश्रू साठलेले आहेत तेथे हिरवा रंग चमकतो आणि जेथे लेन्स टेकली आहे तेथे काळसर दिसते. केराटोकोनसमध्ये ज्याला तीन ठिकाणांचा स्पर्श म्हणतात, त्यात टोकावर अगदी हलका स्पर्श असावा, बाकीचा भार कडेच्या भागावर वाटला जावा आणि पापणी मिटल्यावर लेन्स थोडी हलून परत जागेवर यावी. मध्ये ठळक काळा डाग आणि कडेला रुंद हिरवा पट्टा दिसला तर लेन्स सपाट आहे. याउलट मध्ये हिरवे तळे किंवा हवेचा बुडबुडा दिसला आणि लेन्स जागची हलत नसेल तर ती जास्त खोल आहे. हे दृश्य स्लिट लॅम्पमधून मोबाइलवर टिपता येते. "मला चित्र दाखवून समजावून सांगाल का?" असे विचारायला संकोच करू नका, कारण चांगल्या फिटरला ते दाखवायला आवडते.

स्क्लेरल लेन्स उत्तम पर्याय आहे, पण आताची लेन्स नीट बसत नाही म्हणजे सेमी-सॉफ्टचा मार्गच संपला, असे होत नाही. बेस कर्व्ह खोल करणे, व्यास बदलणे किंवा शंकूसाठीच बनवलेल्या डिझाइनची लेन्स चाचणीत घालून पाहणे हे आधी करता येते. न्यूझीलंडचे ऑप्टोमेट्रिस्ट पॉल रोझ यांनी आखलेली रोझ के ही अशीच एक मालिका आहे आणि ती भारतात मिळते. टोकावर घर्षण होत असेल तर खाली पातळ सॉफ्ट लेन्स ठेवून वर कडक लेन्स बसवता येते. तिला पिगीबॅक म्हणतात. एवढे करूनही लेन्स मध्यावर टिकत नसेल किंवा टोकावर ओरखडे येतच राहिले तर स्क्लेरलकडे वळावे. खर्चाचा विचार करता हा क्रम महत्त्वाचा आहे.

कॉर्निया_तज्ज्ञ :

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. मला ज्या गोष्टीची अधिक काळजी वाटते ती म्हणजे लेन्स काढल्यानंतर कॉर्नियाच्या टोकावर फ्लोरेसीनचे डाग, म्हणजे पृष्ठभाग घासला गेल्याच्या खुणा, राहतात का. अमेरिकेत १२०० हून अधिक केराटोकोनस रुग्णांचा आठ वर्षे पाठपुरावा करणारा क्लेक हा मोठा अभ्यास झाला. नव्याने व्रण (कॉर्नियावरचा कायमचा धूसर वण) होण्याची शक्यता ज्या बाबींशी जोडलेली आढळली, त्यांत ५२ डायऑप्टरपेक्षा जास्त वक्रता, लेन्सचा वापर आणि कॉर्नियावरचे ठळक डाग होते. त्यावरून व्रण लेन्सनेच होतो असे सिद्ध होत नाही, पण टोकावर रोज घासणारी लेन्स "चालेल" म्हणून सोडून देऊ नये एवढे निश्चित. टोकावर व्रण आला की पुढे कोणतीही लेन्स पूर्वीइतकी स्पष्ट दृष्टी देऊ शकत नाही.

घरच्यांच्या प्रश्नाविषयी : लेन्सने ६/९ दिसणाऱ्या आणि व्रण नसलेल्या डोळ्यावर प्रत्यारोपणाचा विचार आम्ही करत नाही. केराटोकोनसच्या पुष्कळ रुग्णांना आयुष्यात ती शस्त्रक्रिया लागतच नाही. ज्यांना लागते त्यांनाही नंतर चांगल्या दृष्टीसाठी अनेकदा लेन्सच वापरावी लागते, हे वडीलधाऱ्यांना जरूर सांगा. लेन्स मात्र आजार थांबवत नाही. ते काम क्रॉस-लिंकिंगचे. त्यामुळे डाव्या डोळ्याची टोपोग्राफी दर सहा महिन्यांनी करा आणि सर्वांत वक्र बिंदूचा आकडा वर्षभरात एक डायऑप्टर किंवा अधिक वाढला तर त्या डोळ्याच्या क्रॉस-लिंकिंगविषयी डॉक्टरांशी लगेच बोला.

खाज येते का, हेही तुम्ही लिहिलेले नाही. ॲलर्जीमुळे डोळे चोळण्याची सवय केराटोकोनसमध्ये फार घातक आहे, आणि ॲलर्जी आटोक्यात नसेल तर उत्तम बसलेली लेन्सही दुपारपर्यंत खुपते. दुसरे मत देणाऱ्याने पापणी उलटून आतली बाजू पाहिली पाहिजे.

अनादराची शंका मनातून काढून टाका. आजारावर उपचार करणे आणि अनियमित कॉर्नियावर लेन्स बसवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत. मी स्वतः माझे रुग्ण फिटिंगसाठी दुसरीकडे पाठवतो. कागदपत्रे मागणे हा तुमचा हक्क आहे : भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागणी केल्यापासून ७२ तासांच्या आत त्याच्या नोंदी द्याव्या लागतात.

एक इशारा देऊन ठेवतो. उजेड सहन न होणे, वाढते दुखणे, किंवा अचानक दृष्टी धूसर होऊन बुबुळ पांढुरके दिसणे यांपैकी काहीही झाले तर लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पहिली दोन लक्षणे जंतुसंसर्गाची असू शकतात. अचानक आलेला पांढुरकेपणा कॉर्नियाचा आतला पडदा फाटून आत पाणी शिरल्याने येऊ शकतो.

नाशिकचा_वाचक :

मी दोन्ही डोळ्यांना स्क्लेरल लेन्स वापरतो, म्हणून त्या बाजूचे लिहितो, कारण पुढे कधी तिकडे जावे लागले तर माहिती असलेली बरी. ही लेन्स कॉर्नियाला टेकतच नाही. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर बसते आणि मधली जागा सलाईनने भरलेली असते, त्यामुळे खुपणे जवळजवळ नसते आणि दुचाकीवर धूळही आत शिरत नाही. ही कल्पना नवी नाही. १८८८ मध्ये झुरिकला फिक आणि पॅरिसला काल्ट यांनी काचेच्या अशाच मोठ्या लेन्स डोळ्यांवर बसवल्या होत्या, आणि काल्ट यांनी त्या केराटोकोनससाठीच वापरल्या. काचेतून प्राणवायू जात नसल्याने त्या फार वेळ घालता येत नसत. आजच्या साहित्यातून तो जातो.

गैरसोयीही सांगायला हव्यात. घालण्यापूर्वी लेन्सची वाटी प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या सलाईनने काठोकाठ भरावी लागते, मान खाली घालून ती बसवावी लागते आणि बुडबुडा राहिला तर काढून पुन्हा सुरुवात करावी लागते. काही जणांना दुपारी लेन्सखाली धुके जमते, मग ती काढून नवे सलाईन भरावे लागते. शाळेत तुम्हाला त्यासाठी स्वच्छ जागा आणि थोडा वेळ लागेल. आणि लेन्स सेमी-सॉफ्ट असो वा स्क्लेरल, नळाचे पाणी तिला कधीही लावू नका. त्या पाण्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्मजीवामुळे होणारा संसर्ग अतिशय चिवट असतो. हे मला सुरुवातीलाच बजावून सांगितले गेले त्याबद्दल मी कृतज्ञ आहे.

दुसऱ्या मताबाबत माझे म्हणणे एवढेच की जेथे कॉर्नियाचा विभाग आणि लेन्सचा विभाग एकाच छपराखाली आहेत तेथे जा. हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्था आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय यांची यासाठी ख्याती आहे, पण प्रत्येकाने तेवढे लांब जायलाच हवे असे नाही. पुण्या-मुंबईत चाचणी-लेन्सचे पूर्ण संच बाळगणारे फिटर आहेत. भेटीची वेळ घेतानाच विचारा की केराटोकोनसच्या चाचणी-लेन्स तेथे आहेत का, आणि लेन्स बनवल्यावर जमली नाही तर बदलून मिळते का.

गणित_शिक्षिका :

सर्वांचे मनापासून आभार. खाज येते, विशेषतः रात्री झोपण्यापूर्वी, आणि डोळा चोळलाही जातो. हे मी डॉक्टरांना कधी सांगितले नव्हते, कारण त्याचा लेन्सशी संबंध असेल असे वाटले नव्हते. पुण्याला वेळ घेण्याचे ठरवले आहे. एक शंका उरते : जाण्यापूर्वी लेन्स बंद ठेवावी की घालूनच जावे?

ऑप्टोमेट्रिस्ट_पुणे :

फिटिंग तपासण्यासाठी लेन्स घालूनच जा, आणि शक्यतो तीन-चार तास आधी घातलेली असू द्या, म्हणजे खुपायला लागते त्याच अवस्थेत डोळा पाहता येईल. तेथे आधी लेन्ससह तपासणी, मग लेन्स काढून लगेच टोकावरचे डाग, असा क्रम असावा. नवी टोपोग्राफी त्याच दिवशी केली तर कडक लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदललेला असू शकतो, म्हणून आजार वाढला की नाही हे ठरवण्यासाठीची टोपोग्राफी दोन-तीन आठवडे लेन्स बंद ठेवून वेगळ्या दिवशी करावी. तेवढे दिवस उजव्या डोळ्याने कमी दिसेल, तेव्हा ती दिवाळीच्या सुट्टीत ठेवली तर शिकवण्यात खंड पडणार नाही.

सोबत क्रॉस-लिंकिंगपूर्वीची आणि नंतरची टोपोग्राफी, लेन्सचे कार्ड, लेन्सची डबी आणि वापरत असलेले द्रावण न्या. खाजेची गोष्ट पहिल्याच वाक्यात सांगा. तोपर्यंत लेन्स खुपायला लागली की काढून ठेवा, दिवस कसाबसा रेटू नका, आणि खाजेसाठी थेंब तुमच्या डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. औषधांच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणू नका.

भेटीनंतर फ्लोरेसीनचे छायाचित्र येथे दिलेत तर मी जरूर पाहीन.