गोल्डन सन: रस्त्यावरची जादू भारी, पण लढाईचं काय?

रातकिडा

गोल्डन सन म्हणजे निन्टेन्डोच्या गेम बॉय ॲडव्हान्सवर २००१ साली आलेला, जपानच्या कॅमेलॉट कंपनीने बनवलेला खेळ. हल्ली निन्टेन्डोच्याच स्विच यंत्रावर परत आलाय म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा खेळलो. हातात धरून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांत जादूला इतकं कामाला लावलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

एरवी जादू म्हणजे लढाईतलं हत्यार. राक्षस आला की आग फेका, जखम झाली की भरून काढा. इथे तिला सायनर्जी म्हणतात आणि ती चालता-फिरता लागते. 'मूव्ह' म्हटलं की हवेतून एक मोठा पंजा येतो आणि खांब सरकवतो. 'ग्रोथ'ने एवढ्याशा कोंबाचा वेल होतो, तो धरून कडा चढायचा. 'फ्रॉस्ट'ने डबक्यातल्या पाण्याचा बर्फाचा खांब उभा राहतो, त्यावरून उडी मारून पलीकडे. लामाकानच्या वाळवंटात 'रिव्हील' नसेल तर लपलेले झरे सापडत नाहीत आणि तुम्ही उन्हाने भाजून निघता.

आणि आपल्या चौघांच्या टोळीतल्या आयव्हनचं 'माइंड रीड'! गावातल्या प्रत्येक माणसाकडे दोन वाक्यं असतात, एक तोंडातलं आणि एक मनातलं. कोलिमा गावात माणसांची झाडं झालेली असतात. सहज म्हणून एका झाडाचं मन वाचलं, तर आतला माणूस बोलायला लागला. शाळेत असताना तिथे अंगावर काटा आला होता, आणि यंदाही आला. गावाला वाचवायचं कशासाठी हे त्यानंतर कुणी समजावून सांगायची गरज उरत नाही.

उणिवा आहेत, पण आधी तुमचं ऐकतो.

पेन्सिलसेल

कोलिमाबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याबद्दल नाही.

रोल-प्लेइंग खेळात निम्मा वेळ लढाईत जातो, आणि इथली लढाई ढिली आहे. एक गोष्ट मला आजही सहन होत नाही. चौघांनी एकाच शत्रूवर नेम धरला आणि तो पहिल्याच घावात पडला, तर उरलेले तिघे दुसऱ्या शत्रूकडे वळत नाहीत, ढाल धरल्यासारखे बचावाला उभे राहतात. असा प्रसंग दर चार-पाच लढायांमागे येतो.

दुसरं म्हणजे जिन्न, वाटेत गोळा करायचे छोटे जादुई जीव. माती, पाणी, आग, वारा या चार तत्त्वांचे प्रत्येकी सात, असे पहिल्या भागात २८ जिन्न सापडतात. पात्राला जोडून ठेवले की त्याचं बळ वाढतं. लढाईत वापरला की तो सुटा होतो, बळ उतरतं, कधीकधी पात्राचा वर्ग, म्हणजे लढवय्याचा प्रकारच बदलतो आणि हाताशी असलेले मंत्र जातात. म्हणजे खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट वापरली म्हणून तुम्हालाच भुर्दंड. मग लोक काय करतात? साध्या लढाईत जिन्नांना हातच लावत नाहीत, आणि मोठा राक्षस समोर आला की सगळे आधीच सुटे करून ठेवतात आणि 'जजमेंट', 'मीटिओर' अशी आवाहनं, म्हणजे सुट्या जिन्नांच्या जोरावर करायचे मोठे हल्ले, एकामागून एक सोडतात. त्यांचा मार शत्रूच्या एकूण ताकदीच्या टक्क्यांत वाढतो, त्यामुळे दोन-तीन फेऱ्यांत खेळ खलास. यात डावपेच कुठे आले?

उंबरठा

भुर्दंड हा शब्द मला पटत नाही. ती देवाणघेवाण आहे. जिन्न सोडला की आत्ता फायदा, मग दोन फेऱ्या कच्चेपणा, मग आवाहन, आणि आवाहनानंतर ते एकेक करून परत जोडले जाईपर्यंत जीव मुठीत. तुम्ही म्हणता तसा मारा केला आणि राक्षस थोडक्यात वाचला, तर पुढच्या फेरीत तुमचे चौघे कागदासारखे फाटतात. माझं व्हीनस दीपगृहावर, ते पेटवायला निघालेल्या सॅटुरोस आणि मेनार्डी या शत्रूंसमोर, नेमकं हेच झालं होतं. दोघं पडली म्हणून मी हुश्श केलं, आणि त्यांचा एकत्र होऊन ड्रॅगन झाला. माझे सगळे जिन्न वापरून झालेले.

शिवाय जिन्नांची अदलाबदल करून पाहिलीत का? आपला नायक आयझॅक मातीचा माणूस, पण त्याला आगीचे आणि वाऱ्याचे जिन्न दिलेत की तो निंजा होतो. २००१ साली, दोन पेन्सिल सेलवर चालणाऱ्या खेळण्यात, एवढी मोकळीक! बहुतेक जण ज्याचं तत्त्व त्याला देऊन मोकळे होतात आणि मग खेळ सोपा आहे म्हणतात.

नेमाबद्दल मात्र तुमचंच बरोबर. तिथे बचाव करण्यासारखं काही नाही.

पेन्सिलसेल

अदलाबदल केली होती. पण तिची गरज कधी पडली? खेळ ती मागतच नाही. मोकळीक दिली आणि वापरायचं कारण दिलं नाही, तर ती शोकेसमधली भांडी झाली.

जुनी वही

तुम्ही दोघं लढाईवर अडून बसलात. माझी तक्रार बडबडीची आहे.

माझ्याकडे मामेभावाने परदेशातून आणलेला पहिला गेम बॉय ॲडव्हान्स होता. त्याच्या पडद्यामागे दिवा नव्हता. आमच्याकडे संध्याकाळचं लोडशेडिंग, मग मी कंदिलाशेजारी तो तिरका धरून बसायचे. अशा वेळी एकेका प्रसंगात दहा-दहा मिनिटं संवाद. एकाने सांगायचं, दुसऱ्याने 'म्हणजे काय?' विचारायचं, तिसऱ्याने तेच पुन्हा. मधूनच तुम्हाला हो की नाही विचारतात, पण काहीही म्हटलं तरी गाडी त्याच रुळावर. सुरुवातीला मोहिमेवर जायला नकार दिला तर जग नाशाकडे गेलं असं सांगून खेळ तिथेच संपतो, तेवढाच काय तो अपवाद. तो मला फार आवडला होता, म्हणून पुढचे पन्नास प्रश्न पोकळ निघाले तेव्हा जास्त वाईट वाटलं.

आणि गोष्ट अर्धीच! चार दीपगृहांपैकी दोन झाली की जहाजात बसवून निरोप देतात. पुढचा भाग, द लॉस्ट एज, जपानात २००२ साली आला. त्यात आपली माणसं न्यायची तर दोन यंत्रं आणि केबल हवी, नाहीतर परवलीचे शब्द. सगळं सामान-पैसे न्यायला २६० अक्षरं! मी ती वहीच्या मागच्या पानांवर उतरवली, दोनदा ताडून पाहिली, तरी पहिल्या फटक्यात लागली नाहीत.

रातकिडा

जुनी वही, बडबडीबद्दल मी बचाव करणार नाही. यंदा मीही बटण दाबत सुटलो होतो. बसमध्ये, दोन स्टॉपांच्या मध्ये खेळायच्या यंत्रावर इतका लांब संवाद ही चूकच. त्यातल्या त्यात बरं म्हणजे एरवी कुठेही उभं राहून जतन करता येतं.

पण अर्धी गोष्ट हा दोष मी मानत नाही. (ज्यांनी खेळलेला नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा.) पहिल्या भागात तुम्ही दीपगृहं पेटवणाऱ्यांचा पाठलाग करता, कारण ती पेटली तर जग बुडेल असं तुम्हाला सांगितलेलं असतं. दुसऱ्या भागात तुम्ही फीलिक्सच्या बाजूने खेळता, ज्याच्या मागे इतके तास धावलात त्याच्या. आणि कळतं की ती पेटली नाहीत तर जग झिजून संपेल. हा पलटा एकाच कॅसेटमध्ये बसला नसता. वीस-पंचवीस तास एका बाजूने चालल्यावरच तो लागतो.

उंबरठा

लॉस्ट एज निघालाच आहे तर एक सांगतेच. त्यात इंद्रा नावाची भूमी आहे, तिच्यावर माद्रा नावाचं गाव आणि देहकन पठार. दख्खनच की हो! दुसऱ्या खंडाचं नाव गोंडोवान, तेही गोंडवनाच्या वळणाचं. नागपूरकडच्या माणसाला ते नकाशावर वाचून काय वाटलं असेल ते समजून घ्या. पठारावर आपल्यासारखं काही नाही, ना काळी माती ना बाभळी, याची मात्र हळहळ वाटली.

पेन्सिलसेल

नावं छान आहेत. पण रातकिडा, तुमच्या मूळ मुद्द्यावर परत येतो. सायनर्जीची कोडी चांगली आहेत, मान्य. मग त्याच गुहांमध्ये दर पंधरा पावलांवर अचानक लढाई का? खांब कुठे सरकवायचा हे डोक्यात जुळत आलं की पडदा फिरतो, चार वटवाघळं येतात, आणि परत आल्यावर पहिल्यापासून विचार. तुम्हाला जे सगळ्यात प्रिय आहे त्याचंच नुकसान या लढाया करतात. म्हणून मी लढाईवर अडून बसलोय.

रातकिडा

हे मी असं जोडून पाहिलं नव्हतं. ऑल्टिनच्या खाणीत माझं असंच व्हायचं, आणि मी दोष स्वतःच्या आठवणीला देत होतो. मान्य. तरीही त्या खाणीतलं पाणी उतरल्यावर खालच्या वाटा उघड्या पडताना पाहायला मी उद्या परत जाईन, वटवाघळांसकट.

जुनी वही

२०१० सालच्या डार्क डॉनबद्दल, म्हणजे निन्टेन्डोच्या डीएस यंत्रावरच्या तिसऱ्या भागाबद्दल, कुणी लिहिलं नाही. त्यात काही ठिकाणं ओलांडली की मागचा रस्ता कायमचा बंद होतो आणि राहिलेले जिन्न राहतातच. माझे तीन राहिले. कुणाचे सगळे मिळाले असतील तर पुढे जाण्याआधी कुठे थांबायचं ते इथे लिहा, मी पुन्हा सुरू करणार आहे.