विज्ञानाच्या तासाला ‘दुसरी बाजू’ शिकवायची म्हणजे नेमकं काय शिकवायचं?

खडूफळा

परवा इथे एका सदस्यांनी लिहिलं की एनसीईआरटीच्या दहावीतून उत्क्रांती गेली हे उत्तम झालं. राज्य मंडळानेही तो धडा काढावा, नाहीतर त्याच तासाला सृष्टीच्या निर्मितीची आपली परंपरा शिकवावी, म्हणजे मुलांना ‘दोन्ही बाजू’ कळतील. ‘डार्विनची ती फक्त थिअरी’ हे वाक्य त्यात तीनदा होतं. दोन ओळी लिहून सोडून देणार होते, पण सव्वीस वर्षं हाच विषय शिकवल्यावर सोडून देववत नाही.

आधी ती ‘थिअरी’. आपल्याकडे शब्द आहे सिद्धांत. तपासून, वाद घालून, शेवटी जे सिद्ध ठरतं ते. ‘फक्त सिद्धांत’ असं मराठीत कुणी म्हणत नाही, कारण ते म्हणताच येत नाही. हा आक्षेप इंग्रजीतून जसाच्या तसा उचललेला आहे.

मग दशावतार. 2019 च्या जानेवारीत जालंधरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तेव्हाच्या कुलगुरूंनी दशावतार हा डार्विनपेक्षा सरस सिद्धांत असल्याचं सांगितलं होतं. मासा, कासव, वराह, अर्धा सिंह, मग माणूस, अशी ती शिडी. माझ्या आजीने मला दहाही अवतार झोपताना सांगितलेत आणि मी ते माझ्या मुलांना सांगितलेत, त्यामुळे त्या कथांचा मला राग नाही. पण उत्क्रांती ही शिडी नाहीच. ते फांद्या फुटत गेलेलं झाड आहे. शिडीच लावायची तर देवमासा कुठल्या पायरीवर बसवणार? त्याचे पूर्वज जमिनीवर चालत होते आणि तो परत पाण्यात गेला. (आपल्या ‘उत्क्रांती’ शब्दातला तो ‘उत्’ही मुलांना वर चढण्याचाच आभास देतो, ही माझी जुनी तक्रार. असो.)

राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञान भाग 2 चा पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ आहे. अवशेषांगे, जोडणारे दुवे, भ्रूणविज्ञानाचे पुरावे, सगळं आहे त्यात. एनसीईआरटीच्या पुस्तकात त्याच धड्याचं नाव आता नुसतं ‘आनुवंशिकता’ उरलं. कोविडनंतरचा भार कमी केला आणि बारावीत तो विषय आहेच, हे कारण दिलं गेलं. पण बारावीत जीवशास्त्र घेणारी मुलं किती? बाकीच्यांची या विषयाशी शेवटची गाठ दहावीतच पडते. 2023 च्या एप्रिलमध्ये अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी याविरुद्ध सह्या केल्या, त्या उगाच नाहीत.

देवगिरी

ती पोस्ट माझीच होती. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं, बाई.

मी विज्ञानविरोधी नाही, मेकॅनिकल इंजिनिअर आहे. पण आठवीत असताना आमच्या विज्ञानाच्या सरांनी भर वर्गात मला उभं केलं. माझ्या कपाळावर गंध होतं, घरी आजोबांची पूजा असायची. सर म्हणाले, ‘हा माकडापासून झाला नाही, याला देवाने बनवला.’ सगळा वर्ग हसला. मी त्या दिवशी घरी जाऊन आजोबांशी बोललो नाही. आज ते नाहीत आणि तो दिवस अजून टोचतो. उत्क्रांतीच्या नावाखाली वर्गात हे चालतं, त्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

2018 च्या जानेवारीत औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी विचारलं की माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला, तर देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या एकत्र निवेदन काढून तुटून पडल्या. प्रश्न विचारणं हेच विज्ञान ना? मग प्रश्नाची एवढी भीती का? मुलांपुढे दोन्ही ठेवा, ती ठरवतील.

सस्क्वेहाना

‘दोन्ही ठेवा, मुलं ठरवतील’ हे वाक्य मी जवळून पाहिलंय. मी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात राहतो. डोव्हर आमच्या घरापासून तासाभरावर.

2004 मध्ये तिथल्या शाळा मंडळाने ठराव केला की नववीच्या जीवशास्त्राच्या वर्गात निवेदन वाचायचं : डार्विनच्या सिद्धांतात फटी आहेत, ‘बुद्धिमान रचना’ (सजीव कुणा बुद्धिमान कर्त्याने घडवले) हा दुसरा विचारही आहे, अमुक पुस्तक वाचा. विज्ञान शिक्षकांनी ते वाचायला नकार दिला. शेवटी शाळेच्या प्रशासनातल्या लोकांनी वर्गात येऊन ते वाचलं. अकरा पालक कोर्टात गेले. खटल्यात त्या पुस्तकाचे जुने मसुदे निघाले. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लुइझियानाचा सृष्टीनिर्मितीवादाचा कायदा रद्द केल्यावर लेखकांनी ‘निर्मितीवादी’ हा शब्द पुसून ‘रचनेचे समर्थक’ घातला होता. मसुद्यात एका ठिकाणी तो नीट पुसला गेला नाही आणि दोन्ही शब्द एकमेकांत अडकून राहिले. नाव बदललं होतं, आतला माल तोच.

20 डिसेंबर 2005 ला निकाल लागला, 139 पानांचा. न्यायाधीश रिपब्लिकन, बुश यांनीच नेमलेले. त्यांनी स्पष्ट लिहिलं की हे विज्ञान नाही. वकिलांच्या फीपोटी त्या लहानशा शाळा मंडळाला दहा लाख डॉलर द्यावे लागले. पण पैशापेक्षा मला गावाचं वाईट वाटलं. एकाच चर्चमध्ये जाणारी माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धाळू कॅथलिक आहेत, तरी त्या बाजूला देवाचे शत्रू ठरवलं गेलं. देवगिरी, तुमच्या सरांचं वागणं वाईटच. पण त्याचा इलाज दुसरी बाजू घालणं नव्हे, त्या सरांना बदलणं.

पऱ्हाटी

मी इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. पण ‘कुणी पाहिला’ हे वाचून राहवलं नाही. मी पाहिलं. आमच्या नऊ एकरांत पाहिलं.

2002 ला बीटी कपाशी (जिच्यात बोंडअळीला मारणारं जिवाणूचं जनुक घातलेलं असतं) आली तेव्हा बाबा म्हणाले, फवारणी संपली. काही वर्षं खरंच संपल्यासारखी होती. 2006 ला दोन जनुकांची आली. मग इकडे एक, तिकडे एक डोमकळी (अळीने आतून पोखरलेलं, न उमललेलं फूल) दिसायला लागली. 2017 ला तर बोंडं वरून हिरवीगार आणि फोडली की आत गुलाबी अळी सरकी खात बसलेली. वेचायला बाया यायला तयार नव्हत्या, कापूस सुटतच नव्हता. तीच अळी, जी बीटीचं बोंड चावून मरायची. ज्या मेल्या त्या मेल्या, ज्या थोड्या वाचल्या त्यांचीच पिल्लं उरली. त्याला उत्क्रांती म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. दहावीला तेव्हा आमच्या सरांनी ‘परीक्षेला येत नाही’ म्हणून तो भाग सोडला होता.

हिशेबनीस

भावना समजतात, पण खरं बोलू या. बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगरबीटी बियाण्याची पुडी मिळायची. ती शेताच्या कडेने पेरायची होती, आश्रय पीक म्हणून. किती जणांनी पेरली? मी कृषी निविष्ठांच्या व्यवसायात होतो, बांधावर फेकलेल्या पुड्या डोळ्यांनी बघितल्या आहेत. वर फेब्रुवारी-मार्चपर्यंत फरदड (वेचणीनंतरही राखलेलं तेच पीक) ठेवायची, म्हणजे अळीला बारमाही जेवण. अमेरिकेत शेतकऱ्यांनी आश्रय पीक लावलं, वांझ पतंग सोडले आणि 2018 मध्ये गुलाबी बोंडअळी कापसातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. आपण शिस्त पाळली नाही, आता रडून काय उपयोग?

पऱ्हाटी

रडतोय कोण? व्यवसायात होतात ना, मग त्या पुडीचं कारण किती जणांना सांगितलंत? आम्हाला दुकानातच सांगितलं होतं, ‘ती नाही पेरली तरी चालतं.’ एक वर्ष पेरली तर निम्मी उगवली नाही, उगवली ती वेगळ्याच कालावधीची. त्या कडेच्या ओळी म्हणजे उत्पन्नातली घट, ती कोण भरून देणार होतं? आणि फरदड हौसेने नाही ठेवत कुणी. कर्ज फिटलेलं नसतं म्हणून ठेवतो.

अमेरिकेचं सांगताय तर हेही सांगा, की तिकडे सरळ वाण आहेत, आपल्याकडे सगळे संकरित. संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकी विषारी, काही बिनविषारी. अळीला सराव करायला आपण शाळाच उघडून दिली होती. हे सगळं शेतकऱ्याच्या माथी मारताना जरा विचार करा.

हिशेबनीस

संकरित वाणांचा मुद्दा बरोबर आहे. तेवढा मान्य. पण पुडी फेकली हे तुम्हीही नाकारलेलं नाही.

निळीशाई

अहो, विषय विज्ञानाच्या तासाचा होता, इथे कृषी मेळावा भरलाय. आणि मूळ दुखणं कुणीच बोलत नाही. दहावीचं विज्ञान आता शाळेत शिकवतच नाहीत, क्लासवाले शिकवतात आणि तेही दोन ओळींची उत्तरं. माझ्या मुलीला ‘नैसर्गिक निवडीची व्याख्या’ घडाघडा येते, निवड कोण करतं विचारलं तर म्हणाली ‘निसर्ग’, आणि निसर्ग म्हणजे कोण विचारल्यावर गप्प. असं शिकवणार असाल तर धडा राहिला काय, गेला काय!

खडूफळा

निळीशाई, मला तर वाटतं धागा आत्ता कुठे विषयावर आलाय.

पऱ्हाटींनी लिहिलं ते मी वर्गात कधीच सांगितलं नाही याची मला लाज वाटते. जिराफाची मान आणि इंग्लंडमधले पतंग सांगत राहिले, आणि समोर कापसाच्या घरातली पोरं बसलेली.

त्या पुडीमागचं गणित दहावीतल्या मुलाला समजेल इतकं सोपं आहे. बीटीला दाद न देण्याचा गुण अळीत अप्रभावी असतो. आईबाप दोघांकडून आला तरच पिल्लू वाचतं. कडेच्या बिगरबीटी ओळींत साध्या अळ्या जगतात. वाचलेल्या एखाद्या चिवट पतंगाची गाठ त्यांच्याशी पडली, तर पिल्लं बीटीवर मरतात. ओळीच नसल्या तर चिवटाला चिवटच भेटतो. हिरवी बोंडअळी तूर आणि हरभराही खाते, तिला आश्रय आपोआप मिळाला आणि दोन जनुकांच्या बीटीला ती अजून बऱ्यापैकी दबते. गुलाबी जवळजवळ फक्त कापसावर जगते, तिला कुठेच आश्रय नव्हता. शेत एक, बियाणं एक आणि दोन अळ्यांचे दोन निकाल. हे कुठली निर्मितीकथा आधी सांगू शकली असती? आनुवंशिकता ठेवून उत्क्रांती कापली तर अप्रभावी गुणाची व्याख्या उरते, ती पुडी का पेरायची हे कधीच कळत नाही.

आणि देवगिरी, तुमच्या सरांबद्दल मी एक ओळ लिहायला हवी होती. तुमचं बरोबर आहे. मुलाच्या घरातल्या देवाला हसण्याचा अधिकार कुठल्याही शिक्षकाला नाही.

देवगिरी

शेवटच्या ओळीबद्दल आभार. बाकीचं इतक्या सहज मान्य नाही.

अळी चिवट होते हे मी नाकारलंच नव्हतं. जीवजंतू औषधांना दाद देईनासे होतात, हेही माहीत आहे. पण अळीची अळीच राहिली ना? तिचा पक्षी झाला नाही. छोटे बदल दाखवायचे आणि त्यावरून एका प्राण्याचा सर्वस्वी दुसरा प्राणी होतो हे गळी उतरवायचं, माझा आक्षेप या उडीला आहे. तुम्हीच म्हणालात की देवमाशाचे पूर्वज चालत होते. ते कुणी पाहिलं?

खडूफळा

पंधरा वर्षांत अळीचा पक्षी झाला असता तर उत्क्रांतीचा सिद्धांत खोटाच ठरला असता, कारण तसं घडतं असं तो म्हणतच नाही.

देवमाशाचं विचारलंत ते बरं झालं, कारण तो पुरावा आपल्याच देशात आहे. ए. रंगा राव या भूशास्त्रज्ञांनी जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचे दगड गोळा करून ठेवले होते. त्यांच्या पश्चात ते फोडले गेले तेव्हा आत मांजराएवढ्या, खूर असलेल्या प्राण्याची हाडं सापडली. त्याच्या कानाच्या हाडाची भिंत एका बाजूला जाड होती. तशी ती तोवर देवमाशांतच माहीत होती. वय सुमारे 4 कोटी 80 लाख वर्षं. 2007 मध्ये हे प्रसिद्ध झालं, प्राण्याचं नाव इंडोह्यूस. पाकिस्तानात सापडलेल्या सुरुवातीच्या देवमाशांना मागचे पाय आहेत आणि घोट्यात शेळीच्या घोट्यात असतं तसंच दोन्हीकडे कप्पी असलेलं हाड आहे. कच्छमध्येही जुन्या देवमाशांचे सांगाडे निघालेत. पोहणाऱ्याला घोटा कशाला लागतो, हा प्रश्न तुम्ही इंजिनिअर म्हणून स्वतःला विचारा.

चालताना कुणी पाहिलं नाही हे खरं. तुमच्या खापरपणजोबांनाही तुम्ही पाहिलेलं नाही.

देवगिरी

ते घोट्याचं हाड मला माहीत नव्हतं. वाचतो. पटलं असं म्हणत नाही, वाचतो म्हणतोय.

दशावतार विज्ञानाच्या तासाला नको, एवढं मी मागे घेतो. मराठीच्या तासाला किंवा घरी सांगू. पण प्रश्न विचारणाऱ्या मुलाला खाली बसवायचं नाही, ही माझी अट आहे आणि ती मी सोडणार नाही.

खडूफळा

ती अट माझीही आहे.

पऱ्हाटी, डिसेंबरात किडलेली बोंडं मिळतील का? दहा-बारा पुरेत. मुलांच्या हातात देऊन फोडायला लावीन. धडा पहिला असला तरी उजळणी तेव्हाच असते.

पऱ्हाटी

मिळतील बाई. पिशवीचं तोंड घट्ट बांधून पाठवतो, आणि तास झाला की जाळून टाका. पतंग बाहेर पडला तर तुमच्या गावचा कापूस जाईल.