ईव्ह ऑनलाइन: टायटनला स्वतःचं असं काम उरलंय का?

सीजमोड

माझं मत आधीच सांगून टाकतो, मग भांडू. मोठ्या जहाजाचा वेगळा वर्ग करायचा तर त्याचं काम दुसऱ्या कुठल्या जहाजाला जमता कामा नये, आणि त्या ताकदीची किंमत त्याने लढाईच्या मैदानातच मोजली पाहिजे. ड्रेडनॉट या कसोटीला पूर्ण उतरतं. टायटन उतरत नाही.

जे खेळत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: रेक्याविकच्या सीसीपी कंपनीचा हा खेळ मे २००३ पासून चालू आहे. चीनचा सर्व्हर वेगळा, बाकी सगळं जग एकाच विश्वात खेळतं. जहाज फुटलं की ते कायमचं गेलं. पुन्हा हवं असेल तर कुणीतरी खनिज काढायचं, कुणीतरी बांधायचं, तुम्ही पैसे मोजायचे. कॅपिटल म्हणजे एका सूर्यमालेतून दुसरीत थेट उडी मारणारी अजस्र जहाजं. उडी मारायला पलीकडे आपल्या कुणीतरी 'सायनो', म्हणजे उडीसाठीचा संकेतदीप, पेटवलेला लागतो. ड्रेडनॉट (थोडक्यात ड्रेड) आणि टायटन दोन्ही कॅपिटलच, टायटन सर्वांत मोठं.

आता ड्रेड बघा. सीज मॉड्यूल चालू केलं की मारा कित्येक पटींनी वाढतो, पण पाच मिनिटं ते हलू शकत नाही, पळू शकत नाही, आणि मित्रांना बाहेरून त्याची दुरुस्तीही करता येत नाही. म्हणजे बटण दाबताना तुम्ही निर्णय घेता: पुढची पाच मिनिटं मी इथेच, जगलो तर जगलो. मोठ्या लढाईत सर्व्हरवर ताण आला की खेळाचा वेग दहा टक्क्यांपर्यंत उतरतो, तेव्हा हीच पाच मिनिटं घड्याळात पन्नास होतात. पन्नास मिनिटं एका जागी बसून स्वतःचं चिलखत उतरताना बघणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मला हे या खेळातलं सर्वांत सुंदर डिझाइन वाटतं.

टायटनचा इतिहास याच्या अगदी उलट आहे. डिसेंबर २००५ मध्ये ते खेळात आले, तेव्हा त्यांचं 'डूम्सडे' अस्त्र सायनोमधून दुसऱ्या सूर्यमालेत डागता यायचं आणि समोरचा आख्खा ताफा भाजून निघायचा. डागणारा टायटन मात्र तिथे नसायचाच! डिसेंबर २००९ मध्ये ते एका लक्ष्यापुरतं आणलं, पुढे फक्त कॅपिटल जहाजांवरच चालेल असं केलं. दोन्ही बदल योग्यच होते. पण त्यानंतर टायटनचा मारा म्हणजे काय राहिलं? ड्रेडचंच काम, जास्त चिलखताआडून आणि जास्त पैशांत. ताफ्याला उडीचा पूल करून देणं, म्हणजे इतर जहाजांना थेट दुसऱ्या सूर्यमालेत पाठवणं, हे त्याचं खरं वेगळं काम, पण आपल्या ताब्यातल्या प्रदेशात तेही २०१८ पासून युत्यांनी बांधलेली अँसिब्लेक्स गेट करतात.

मग उरतं काय? ज्याच्याकडे जास्त टायटन तो जिंकणार. याला मी भूमिका म्हणत नाही.

केप_स्टारकर

पूर्ण असहमत. तू जहाजाचा वर्ग त्याच्या माहितीपत्रकावरून ठरवतोयस. टायटनचं काम त्याच्या तोफा करत नाहीत, त्याचं अस्तित्व करतं. शेजारच्या युतीकडे शंभर टायटन आहेत हे माहीत असलं की आपण त्यांच्या स्टेशनला हात लावताना दहादा विचार करतो. तो विचार करायला लावणं हेच काम. ड्रेड कुणाला एवढा वचक बसवू शकतं, सांग.

आणि बी-आर-फाइव्ह-आर-बी या सूर्यमालेतली लढाई विसरलास का? २७ जानेवारी २०१४. तिच्या ताब्याचं बिल भरायचं राहिलं, ताबा सुटला, आणि त्यातून २१ तासांची लढाई पेटली. ७,५०० च्या वर खेळाडू, ७५ टायटन नष्ट. खऱ्या पैशांत हिशोब करून ३ लाख डॉलर्सच्या आसपासचा आकडा तेव्हा जगभरच्या बातम्यांत आला. मी स्वतः त्या बातम्या वाचून या खेळात आलो आणि अजून आहे. सीसीपीने त्या जागी अवशेषांचं कायमचं स्मारक उभं केलं, लोक अजून बघायला जातात. ड्रेड तर त्या दिवशीही शेकड्यांनी फुटली. त्यांचा आकडा कुणाच्या लक्षात आहे?

दुसरं म्हणजे डूम्सडे डागल्यावर टायटनलाही काही काळ उडी मारता येत नाही. किंमत तोही मोजतो. बी-आरमध्ये नेमकं तेच झालं, एकदा डागल्यावर माघारीचा रस्ता बंद.

वर्महोलातला_भटक्या

तुम्ही दोघंही नलसेकच्या, म्हणजे युत्या स्वतः ताबा ठेवतात त्या बेकायदा प्रदेशाच्या, चष्म्यातून बघताय. आमच्याकडे वर्महोलात, तात्पुरत्या भोकांनी जोडलेल्या सूर्यमालांत, या आणि कॅपिटलची खरी मजा बघा. इथे सायनो नाही, उडी नाही, चॅनलमध्ये कोण हजर आहे त्याची यादीही नाही. प्रत्येक भोकातून किती वस्तुमान जाऊ शकतं त्याला मर्यादा आहे, तेवढं गेलं की भोक मिटतं. ड्रेड पलीकडे नेलं आणि भोक मिटलं, तर ते तिकडेच अडकलं. म्हणून 'अजून दहा आणू का' हा प्रश्न इथे येतच नाही. कोणती दोन न्यायची, कोणत्या क्रमाने, आणि परतीसाठी किती वस्तुमान राखून ठेवायचं, यावर आमचा कमांडर डोकं खाजवत असतो.

एका लढाईत आमच्याकडे दोन ड्रेड आणि एक फोर्स ऑक्झिलरी (दुरुस्तीचं कॅपिटल) एवढाच जुगार होता. तिघं एकाच वेळी मोडमध्ये गेले असते तर समोरच्यांनी वाट बघून आम्हाला एकेक करून खाल्लं असतं. आधी एक ड्रेड सीजमध्ये, त्याची दोन मिनिटं उरली असताना दुसरं, असं आलटून पालटून चालवलं आणि जिंकलो. मूळ धागाकर्त्याशी सहमत आहेच, पण रोग टायटनमध्ये नाही, मर्यादा नसण्यात आहे. नलसेकमध्ये वस्तुमानाची अशी मर्यादा आणा, टायटनसुद्धा आपोआप विचार करून वापरले जातील.

नवखी_पायलट

मधेच विचारते, माफ करा. मी चार महिने क्रूझर उडवतेय. तुमच्या बोलण्यातून ड्रेड म्हणजे मारा एवढं समजलं. कॅरियर, सुपरकॅरियर आणि फोर्स ऑक्झिलरी यांत नेमका फरक काय? आणि शिकायचं झालं तर आधी काय शिकू?

सीजमोड

कॅरियर लढाऊ विमानांच्या तुकड्या सोडतं, त्या लांबवर जाऊन हल्ला करतात आणि तू मागे थांबतेस. सुपरकॅरियर तेच, पण विमानं जास्त जड आणि जहाज कितीतरी टिकाऊ. फोर्स ऑक्झिलरी, म्हणजे आपलं 'फॅक्स', दुसऱ्यांची दुरुस्ती करतं. ट्रायाजमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या मोडमध्ये, गेलं की तेही पाच मिनिटं जागेला खिळतं आणि बाहेरून त्याला मदत मिळत नाही. ड्रेडचाच करार, फक्त दुरुस्तीसाठी.

आधी ड्रेड शिक. चुकीच्या सायनोवर उडी मारलीस तरी नुकसान सोसण्यासारखं असतं, आणि जवळपास प्रत्येक युतीला ड्रेड उडवणारे हवेच असतात.

ट्रायाज_ताई

फॅक्सचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं मांडते. एप्रिल २०१६ पर्यंत ट्रायाज कॅरियरवर चालायचा. एकच आर्कॉन कॅरियर, एका फिटमध्ये (बसवलेल्या उपकरणांत) ताफ्याचा डॉक्टर, दुसऱ्या फिटमध्ये मारा करणारं. काय न्यायचं ते आदल्या रात्री ठरवायचं, आणि समोरच्याला उडी मारून येईपर्यंत कळायचं नाही की हे डॉक्टर आहे की शिकारी. सिटाडेल विस्तारात ते काम काढून नव्या जहाजाला दिलं. आता दुर्बिणीतून नाव वाचलं की भूमिका कळते. अपोस्टल दिसलं, दुरुस्ती. थॅनाटोस दिसलं, विमानं. सगळी उत्सुकता गेली. एका वर्गाला एकच काम हा तुझा नियम कागदावर छान दिसतो, पण त्याने कॅरियरचा आत्मा काढून घेतला.

सीजमोड

ट्रायाज_ताई, आर्कॉनवर माझंही प्रेम होतं, पण त्या काळाची दुसरी बाजूही सांग ना. शंभर-दीडशे आर्कॉन एकत्र उभे, प्रत्येकावर सेंट्री ड्रोन, आणि सगळे ट्रायाजशिवाय एकमेकांची दुरुस्ती करतायत. मारा तेच करणार, डॉक्टरही तेच, आणि जागेला कुणीच खिळलेलं नाही. तो गोळा फोडायला सुपरकॅपिटल (सुपरकॅरियर किंवा टायटन) आणल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. छोट्या युत्यांनी लढाया सोडून दिल्या त्या अशाच ताफ्यांमुळे. दोन कामं एका जहाजाला दिली की हेच होतं, म्हणून २०१६ चा बदल मला पटतो.

केप_स्टारकर, वचकाबद्दल. वचक बसला की लढाई होत नाही. खेळात लढाई न होणं हे मी यश मानत नाही. आणि एमटू-एक्सएफई सूर्यमालेतली लढाई घे. ३० डिसेंबर २०२० च्या लढाईत २५७ टायटन गेले, बी-आरच्या तिपटीहून जास्त. मग २ जानेवारीला हल्लेखोरांनी परत उडी मारली तेव्हा सर्व्हरला तो भार पेलला नाही. कित्येकांची जहाजं त्यांना पडद्यावर काही दिसायच्या आत फुटली, बाकीची तिथेच अडकून पडली. वर्षानुवर्षं जपलेलं जहाज एकही तोफ न डागता गमावायचं! दोन्ही बाजूंनी टायटनचे एवढे ढीग साठवले नसते तर ही वेळ आलीच नसती.

केप_स्टारकर

त्याच एमटूनंतर डेल्व्ह या प्रदेशावरच्या आक्रमणाचा जोर ओसरला आणि ऑगस्ट २०२१ मध्ये हल्लेखोर माघारी गेले. वर्षभराच्या युद्धाचं पारडं टायटननी फिरवलं. याला भूमिका नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? सर्व्हर कोसळला हा सर्व्हरचा दोष आहे, जहाजाच्या वर्गाचा नाही.

खनिजवाला

बांधणाऱ्यांची बाजू कुणीच मांडत नाहीये. एप्रिल २०२१ मध्ये उत्पादनाचे नियम बदलले. कॅपिटल जहाज बांधायला आधी खनिजं आणि ठरावीक सुटे भाग लागायचे, आता त्यात गॅसपासून बनणारे घटक आणि इतर मधले टप्पे घुसले. बांधणीचा खर्च कुठल्या कुठे गेला. त्याआधीची काही वर्षं रोर्कल खाणजहाजांच्या जोरावर नलसेकमध्ये खनिजाचा पूर होता, तेव्हा ज्यांनी स्वस्तात टायटन बांधून ठेवले त्यांच्याकडे ते आहेत. आज नवी युती उभी राहिली तर तिने तेवढे टायटन कुठून आणायचे?

म्हणून कोणाची भूमिका काय हा वाद मला अर्धवट वाटतो. परत बांधता येत नाही म्हणून मालक ते बाहेर काढत नाही. माझ्या ओळखीतले टायटनमालक जहाजात वर्षातून एखाद्या वेळी बसतात, तेही दुसऱ्या स्टेशनात हलवायला. खर्च उतरवा, लोक वापरतील, मग भूमिका दिसेल.

साडेचारचा_डाउनटाइम

खनिजवाला +१. भारतातून खेळणाऱ्यांचा एक मुद्दा जोडतो. सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला बंद होऊन परत चालू होतो. युरोपातले लोक जमतात तेव्हा आपली मध्यरात्र, अमेरिकेतले जमतात तेव्हा आपली सकाळची ऑफिसची घाई. स्टेशनांवरच्या हल्ल्याची वेळ मालक स्वतःच्या सोयीने ठेवतो, त्यामुळे टायटनची मोठी लढाई आपल्या वाट्याला येते ती रजा टाकूनच. मी पुण्यात बसून संध्याकाळी सात-आठला जे खेळतो ते म्हणजे लोसेकमध्ये (कमी सुरक्षेच्या प्रदेशात) एक सायनो, चार ड्रेड, एखादी शिकार, आणि जेवायच्या आत परत. माझ्यासाठी ड्रेड हेच सर्वांत मोठं जहाज आहे आणि मला त्यात काही कमी वाटत नाही. नवखी_पायलट, तू जिथून खेळतेस तिथल्या वेळा बघून युती निवड. जहाज नंतर.

केप_स्टारकर

खर्चाबद्दल खनिजवाल्याशी सहमत. पण स्वस्त केले की सीजमोड परत 'ढीग झाले' म्हणून तक्रार करणार. सांग बाबा, तुझ्या हातात दिलं तर तू टायटनचं काय करशील?

सीजमोड

सांगतो. डूम्सडे काढून टाकेन. तोफा राहू दे, पण ड्रेडच्या खाली. पुलाचा पल्ला वाढवेन, इतका की परमुलुखात ताफा न्यायचा तर टायटनशिवाय पर्याय नाही. मात्र पूल उघडा असेपर्यंत टायटन जागेला खिळलेला, आणि मोकळ्या अवकाशात, स्टेशनच्या संरक्षणाबाहेर. म्हणजे ज्याला शंभर जणांना पलीकडे न्यायचंय त्याला आपला टायटन उघड्यावर आणावाच लागेल, आणि शत्रूला त्याची वेळ हेरता येईल. जून २०२३ मध्ये आलेली लान्सर ड्रेड याच दिशेची आहेत. त्यांच्या झोताखाली सापडलेल्या जहाजाला काही काळ उडी मारता येत नाही. उघड्यावरचा टायटन आणि त्याच्या मागावरची चार लान्सर, अशी लढाई तीस जणांची युतीही देऊ शकेल.

ट्रायाज_ताई

पूल उघडा असताना खिळलेला टायटन, हे मान्य. पण मग त्याची बाहेरून दुरुस्ती चालू ठेव. तीही बंद केलीस तर कुणी पूल उघडणारच नाही, पुन्हा सगळे स्टेशनात. माझा फॅक्स त्याच्या शेजारी ट्रायाजमध्ये उभा राहू दे, दोघंही खिळलेले. लान्सरवाल्यांनी आधी कुणाला मारायचं ते त्यांना ठरवू दे.