मदत हवी आहे: डीमॅटमध्ये आपोआप आलेले हे 'आरई' काय प्रकरण आहे?

घाईत: डीमॅटला अचानक 50 आरई दिसताहेत. मी काहीच घेतलेलं नाही. वर शेअरही पडलाय. विकू का? उद्या बाजार उघडायच्या आत सांगा.

जुना_सटोडिया: आरई म्हणजे राइट्स एंटायटलमेंट, कंपनीचे नवे शेअर ठरलेल्या भावात घ्यायचा जुन्या भागधारकांचा हक्क. कंपनी कुठली? राइट्स कितीला? शेअर किती? पत्रिका न दाखवता भविष्य विचारताय.

घाईत: कंपनीशी काय करायचंय? 200 शेअर आहेत. 180 भाव लिहिलाय. शेअर 243 चा 231 झाला.

जुना_सटोडिया: म्हणजे 4 जुन्या शेअरला 1 नवा. चार जुने 243 ने 972, एक नवा 180, एकूण 1152, भागिले पाच: 230.40. शेअर पडलेला नाही, एक्स-राइट्स झालाय, म्हणजे हक्काची किंमत भावातून वेगळी निघालीय. तो फरक तुमच्या आरईत आहे. एकतर 9000 भरून शेअर घ्या, नाहीतर आरई बाजारात विका. काहीच केलं नाहीत तर मुदतीनंतर लॅप्स, हाती भोपळा.

एसआयपी_झिंदाबाद: विका आणि इंडेक्स फंडात टाका. राइट्स म्हणजे कंपनीला चणचण.

जुना_सटोडिया: सरसकट नाही हो. 2020 मध्ये रिलायन्सने 15 ला 1, 1257 ने, 53 हजार कोटींचा राइट्स इश्यू आणला होता.

एसआयपी_झिंदाबाद: तोही मुख्यतः कर्ज फेडायलाच ना!

मिरचीभजी: आजोबांचे कागदी शेअर सापडलेत. त्यांना पण आरई मिळतील का?

निवांत: सलग सात वर्षं लाभांश घेतला नसेल तर ते शेअर आयईपीएफकडे, म्हणजे सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, गेले असतील. वेगळा धागा काढा.

घाईत: अहो, माझं बोला! आरई 47 ला चाललाय. आणखी 100 घेऊ का? शेअर 47 ला मिळतोय की!

निवांत: थांबा! 47 ला फक्त हक्क मिळतो, शेअरचे 180 वेगळे. एकूण 227. बाजारात 231 आहे, पण नवे शेअर खात्यात येईपर्यंत भाव खाली आला तर? म्हणून ते चार रुपये कमी. तुमचे 50 विकलेत तर 2350, दलाली वजा जाता.

घाईत: मग पैसे भरतो. पण बँकेच्या ॲपात फक्त आयपीओ दिसतोय.

निवांत: नेट बँकिंगमधून अस्बा (पैसे खात्यातच अडवून शेअरसाठी अर्ज करायची सोय) उघडून बघा, बऱ्याच बँकांत राइट्स तिथे वेगळे दिसतात. आणि विकायचेच ठरलं तर आरईचे सौदे इश्यूच्या काही दिवस आधीच बंद होतात. इश्यू कधी बंद होतोय?

घाईत: ते कुठे बघायचं?

जुना_सटोडिया: लेटर ऑफ ऑफर, म्हणजे इश्यूची माहिती देणारं कंपनीचं पत्र! ईमेलवर आलेलं असतं. स्पॅममध्ये बघा. आणि आता तरी कंपनीचं नाव सांगा.

मिरचीभजी: साखर कारखान्याचे शेअरही आयईपीएफकडे जातात का?