लिनक्स मिंटवर लेझरजेट १०२०: काम ‘पूर्ण’ दिसते, पण छापून काहीच येत नाही

प्रश्न – वाचनालय_कार्यालय

नमस्कार. तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यालयातील जुन्या डेस्कटॉपवर आम्ही विंडोज ७ काढून लिनक्स मिंट २२ बसवले आहे. लिब्रेऑफिसमधील मराठी टंकलेखन, सभासदांच्या नोंदी, ईमेल ही सगळी कामे त्यावर सुरळीत होतात. घोडे अडले आहे ते प्रिंटरपाशी. प्रिंटर एचपी लेझरजेट १०२० असून तो यूएसबी केबलने थेट जोडलेला आहे, आणि तो बिघडलेला नाही, कारण शेजारच्या विंडोज संगणकाला जोडला की उत्तम छापतो.

मिंटमध्ये मी या प्रिंटरच्या दोन नोंदी करून पाहिल्या. पहिलीत यादीत ‘शिफारस केलेला’ म्हणून दिसलेला ‘फूमॅटिक / फू-टू-झेडजेएस-झेड१’ हा ड्रायव्हर (संगणक आणि प्रिंटर यांच्यात दुभाष्याचे काम करणारा प्रोग्राम) घेतला. त्यावर चाचणी पान पाठवले की काम क्षणात ‘पूर्ण’ झाल्याचे दिसते, परंतु प्रिंटर जागचा हालत नाही. दुसऱ्या नोंदीत ‘एचपीकप्स ३.२३.१२, रिक्वायर्स प्रोप्रायटरी प्लगइन’ असे लिहिलेला ड्रायव्हर निवडला, तर ‘फिल्टर फेल्ड’ असा संदेश येऊन काम थांबते. एक गंमत अशी, की विंडोज संगणकाला जोडलेला प्रिंटर चालू असतानाच केबल काढून मिंटला लावली, तेव्हा पहिल्या नोंदीवरून पान व्यवस्थित छापले गेले. दुसऱ्या दिवशी मात्र पुन्हा पहिलेच पाढे पंचावन्न. यांपैकी कोणता ड्रायव्हर ठेवावा आणि नेमके काय राहून गेले आहे, हे कृपया सांगावे. कार्यालयात इंटरनेट मोबाइलवरूनच घ्यावे लागते, हेही लक्षात असू द्यावे.

उत्तर – खिळेजुळारी

आपण ‘गंमत’ म्हणून जे लिहिले आहे, त्यातच निदान आहे. लेझरजेट १०२० स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आतल्या प्रक्रियकाला चालवणारा प्रोग्राम, कायमस्वरूपी साठवून ठेवत नाही. प्रिंटर चालू केला की प्रत्येक वेळी तो प्रोग्राम संगणकाकडून यावा लागतो आणि बटण बंद केले की पुसला जातो. विंडोजमधील ड्रायव्हर हे काम गाजावाजा न करता उरकतो, त्यामुळे वर्षानुवर्षे हा प्रिंटर वापरणाऱ्यालाही त्याचा पत्ता नसतो. आपण वीज न तोडता केबल बदललीत, तेव्हा विंडोजने दिलेले फर्मवेअर आत शिल्लक होते, म्हणून मिंटवरूनही पान निघाले. रात्री प्रिंटर बंद झाला आणि सकाळी तो पुन्हा कोरा होता.

आता ‘पूर्ण’ या शब्दाविषयी. लिनक्सवर छपाईचा कारभार कप्स ही प्रणाली पाहते. ड्रायव्हरने तयार केलेल्या मजकुराचा शेवटचा बाइट यूएसबीवरून रवाना झाला, की कप्सच्या लेखी काम संपते. प्रिंटरने त्याचे पुढे काय केले, हे अशा साध्या जोडणीत तिला कळतेच असे नाही. फर्मवेअर नसलेला प्रिंटर सगळा मजकूर गिळून गप्प बसतो. म्हणजे आपल्या पहिल्या नोंदीतला ड्रायव्हर चुकीचा नाही. त्याच्या जोडीला फर्मवेअरची फाइल नव्हती एवढेच.

दुसऱ्या नोंदीचे दुखणे वेगळे आहे आणि ते ड्रायव्हरच्या नावातच छापलेले आहे. एचपीकप्स हा एचपीलिप या संचाचा भाग आहे. तो संच मुक्तस्रोत असला, तरी १०२० सारख्या काही प्रिंटरांसाठी त्याला कंपनीचे एक बंदिस्त प्लगइन, म्हणजे जोड-प्रोग्राम, लागते. त्या प्लगइनमध्ये पानाचे रूपांतर करणारी लायब्ररी (म्हणजे तयार प्रोग्रामांचा संच) आणि फर्मवेअर अशा दोन्ही गोष्टी असतात. ते नसेल तर एचपीकप्स काम सुरूच करत नाही. व्हार – लॉग – कप्स या फोल्डरातील ‘एरर लॉग’ उघडून पाहिलीत, तर बहुधा ‘एरर = ४८’ असा शेवट असलेली ओळ सापडेल. प्लगइनची लायब्ररी मिळाली नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

माझा सल्ला एचपीलिपचाच मार्ग धरण्याचा आहे. आधी दोन्ही नोंदी काढून टाकाव्यात. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘एचपीलिप’ आणि ‘एचपीलिप-जीयूआय’ ही पॅकेजे बसलेली आहेत याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर टर्मिनल उघडून ‘एचपी-प्लगइन’ ही आज्ञा इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये आडवी रेघ देऊन टंकावी. ती सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी आज्ञा) लावून चालवू नये. पासवर्डची गरज पडली की ती स्वतः विचारते. प्लगइन बसले की ‘एचपी-सेटअप’ चालवावे आणि प्रिंटरची नवी नोंद त्याच्याकडूनच होऊ द्यावी. अशा नोंदीचा पत्ता ‘यूएसबी’ने नव्हे तर ‘एचपी’ने सुरू होतो. आपली नोंद खरोखर एचपीलिपमार्फत झाली की नाही, हे त्यावरून ओळखता येते.

यानंतर प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा. चालू झाल्यावर एकदा मोटर फिरल्याचा आवाज येतो, आणि थोड्या वेळाने, कोणतेही काम पाठवलेले नसताना, रोलर पुन्हा एकदा घरघरतात. ही दुसरी घरघर म्हणजे फर्मवेअर पोहोचल्याची पावती. ती ऐकू आली नाही, तर ‘एचपी-फर्मवेअर’ या आज्ञेने ते हाताने पाठवता येते.

एक पथ्य मात्र कायमचे पाळावे लागेल. प्लगइनची आवृत्ती एचपीलिपच्या आवृत्तीशी तंतोतंत जुळावी लागते. आपल्याकडे ३.२३.१२ आहे, तर प्लगइनही ३.२३.१२ चेच हवे. त्याहून नवे चालत नाही. मिंटच्या एकाच मालिकेत ही आवृत्ती सहसा हलत नाही, परंतु उद्या पुढच्या मोठ्या आवृत्तीवर गेलात आणि प्रिंटर अचानक मुका झाला, तर सर्वप्रथम ‘एचपी-प्लगइन’ पुन्हा चालवावे. या एका कारणापायी लोक चांगले प्रिंटर भंगारात काढताना मी पाहिले आहेत.

वाचनालय_कार्यालय

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. एरर लॉगमध्ये ४८ आकड्याची ओळ तंतोतंत सापडली. परंतु प्लगइन उतरवून घेताना मोबाइलचे इंटरनेट मध्येच तुटते. दुसऱ्या संगणकावर फाइल उतरवून पेनड्राइव्हने आणली तर चालेल का?

उत्तर – खिळेजुळारी

अवश्य चालेल. आपल्या आवृत्तीची, शेवटी ‘रन’ असलेली फाइल आणि तिच्याबरोबरची, शेवटी ‘एएससी’ असलेली स्वाक्षरीची फाइल, अशा दोन्ही एकाच फोल्डरात ठेवाव्यात. ‘एचपी-प्लगइन’ सुरुवातीलाच इंटरनेटवरून घ्यायचे की संगणकावरील फाइल दाखवायची असे विचारते; तेथे दुसरा पर्याय निवडावा. स्वाक्षरी पडताळण्यासाठी लागणारी किल्ली मात्र इंटरनेटवरून येते. ती मिळाली नाही, तर ‘तरीही बसवायचे का’ असा प्रश्न येईल. फाइल अधिकृत ठिकाणाहून स्वतः उतरवलेली असेल तरच ‘हो’ म्हणावे. कोणीतरी आणून दिलेल्या पेनड्राइव्हवरची असेल, तर किल्ली मिळेपर्यंत थांबलेले बरे.

उत्तर – उघडी_दारे

वरील निदानाशी मी पूर्ण सहमत आहे, उपायाशी मात्र अर्धाच. फू-टू-झेडजेएस हा ड्रायव्हर पूर्णतः मुक्त परवान्याचा आहे, आणि प्रश्नकर्त्यांच्या संगणकावर तो एकदा चाललेलाही आहे. त्याला हवी आहे ती केवळ ‘एसआयएचपी१०२०’ या नावाची फर्मवेअरची फाइल. ती परवान्यामुळे पॅकेजबरोबर येत नाही, वेगळी मिळवून लिब – फर्मवेअर – एचपी या फोल्डरात ठेवावी लागते. पुढे प्रिंटर जोडला जाताच ती आपोआप पाठवली जाते.

यावर कोणी म्हणेल, की बंदिस्त भाग दोन्हीकडे आहेच, मग फरक काय? माझ्या मते फरक मोठा आहे. फर्मवेअर प्रिंटरच्या पोटात चालते. ते आपल्या फाइलींपर्यंत पोहोचत नाही. प्लगइनमधील लायब्ररी मात्र आपल्या संगणकावर, आपली कागदपत्रे हाताळत चालते. शिवाय फू-टू-झेडजेएसला आवृत्ती जुळवण्याचे लचांड नाही. एक केले की दुसरे उपसावे लागत नाही, म्हणून लहान संस्थांना मी हाच मार्ग सुचवतो.

कोणताही मार्ग घ्या, पण दोन्ही एकत्र ठेवू नका. दोघांचेही नियम प्रिंटर जोडल्याक्षणी जागे होतात, फर्मवेअर कोण पाठवणार यावरून गोंधळ उडतो, आणि मग दोष नेमका कोणाचा हे शोधताना नाकी नऊ येतात. प्रिंटरकडे फर्मवेअर पोहोचले आहे का हे पक्के पाहायचे असेल, तर फू-टू-झेडजेएससोबत येणाऱ्या ‘यूएसबी_प्रिंटरआयडी’ या साधनाने प्रिंटरची ओळख विचारावी. त्या ओळीत ‘एफडब्ल्यूव्हीईआर’ ही अक्षरे दिसली तर पोहोचले; नसतील तर प्रिंटर अजून कोराच आहे.

वाचनालय_कार्यालय

पेनड्राइव्हच्या मार्गाने प्लगइन बसले, वर्णन केलेली घरघर ऐकू आली आणि चाचणी पान निघाले. उघडी_दारे यांचा मुद्दा पटला, परंतु तूर्त चालू झालेले मोडण्याचे धाडस नाही. आता दोन गोष्टी उरल्या आहेत. वर्गणीच्या पावत्यांच्या पानावर तळाची ओळ, जेथे सहीची जागा असते, छापली जात नाही. आणि काही जुन्या अहवालांत अक्षरांऐवजी विचित्र इंग्रजी चिन्हे छापली जातात. हा ड्रायव्हरचा दोष समजावा का?

उत्तर – समासरेषा

पहिली गोष्ट कागदाच्या मापाची आहे. मिंट बसवताना भाषा ‘इंग्रजी (अमेरिका)’ अशी निवडलेली असेल, तर नव्या प्रिंटरचे मूळ माप ‘लेटर’ धरले जाते. लेटरची उंची २७९.४ मिलिमीटर आणि आपल्या ए४ ची २९७. म्हणजे तळाचा पावणेदोन सेंटिमीटरचा पट्टा हिशेबातच राहत नाही, आणि सही नेमकी तेथेच असते. प्रिंटरच्या गुणधर्मांत जाऊन माप ए४ करावे. भाषेच्या सेटिंगमधील प्रदेशही ‘इंग्रजी, भारत’ किंवा ‘मराठी’ असा करून ठेवावा, परंतु त्याने आधी केलेली नोंद बदलेल अशी अपेक्षा धरू नये. ती वेगळीच बदलावी लागते. लिब्रेऑफिसमधील जुन्या दस्तऐवजांचे पान कोणत्या मापाचे आहे तेही पाहावे, कारण तेथे लेटर असेल तर प्रिंटर बिचारा काही करू शकत नाही.

दुसऱ्या गोष्टीत ड्रायव्हरचा काडीचाही संबंध नाही, आणि तसे मी खात्रीने म्हणू शकतो, कारण या प्रिंटरकडे अक्षर म्हणून काही जातच नाही. पूर्ण पानाचे ठिपके संगणकावरच पाडले जातात. ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके धरले, तर ए४ पान म्हणजे ४,९६० गुणिले ७,०१६, सुमारे ३ कोटी ४८ लाख ठिपके होतात. प्रत्येकी एक बिट धरला, तरी ही माहिती ४३ लाख बाइटांच्या वर जाते, आणि या प्रिंटरची स्मृती आहे अवघी २ एमबी. म्हणून ड्रायव्हर ते चित्र जेबिग पद्धतीने दाबून पाठवतो आणि प्रिंटर ते उलगडत छापत जातो. फाँट, मात्रा, जोडाक्षरे यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. त्यामुळे ‘क्ष’ फुटला किंवा वेलांटी भलत्या जागी गेली, तर तो दोष आधीच्या टप्प्यावरचा असतो. तोच मजकूर पीडीएफ करून पडद्यावर पाहिला की लगेच कळते.

आपल्या जुन्या अहवालांत इंग्रजी चिन्हे दिसतात, याचा अर्थ ते युनिकोडच्या (सर्व भाषांतील अक्षरांना ठरावीक संकेतांक देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या, श्रीलिपी किंवा तत्सम फाँटमध्ये टंकलेले असावेत. तो फाँट मिंटवर नसल्याने त्याच्या आड दडलेले संकेतांक उघडे पडतात. पडद्यावरही तसेच दिसत असतील तर शंका उरत नाही. ते युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे हाच उपाय, आणि रूपांतरानंतर रफार व जोडाक्षरे डोळ्यांनी तपासणे अपरिहार्य आहे.

वाचनालय_कार्यालय

माप ए४ केले, सहीची ओळ आली. अहवालांचे पडद्यावरही तसेच दिसते, तेव्हा ते रूपांतराचे काम सवडीने हाती घेऊ. शेवटचा प्रश्न: वाचन कक्षात आणखी एक मिंटचा संगणक आहे. त्यावरही प्लगइन बसवावे लागेल का?

उत्तर – खिळेजुळारी

नाही. दोन्ही संगणक एकाच राउटरवर असतील, तर कार्यालयातील संगणकावर प्रिंटरच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ‘सामायिक प्रिंटर प्रसिद्ध करा’ हा पर्याय चालू करावा आणि फायरवॉल वापरत असल्यास ६३१ क्रमांकाचे पोर्ट केवळ आतल्या नेटवर्कसाठी खुले ठेवावे. वाचन कक्षातील संगणकाला तो प्रिंटर आपोआप दिसू लागेल, आणि त्याला कोणताही ड्रायव्हर लागणार नाही. कारण फर्मवेअर पाठवणे आणि पानाचे ठिपके पाडणे ही दोन्ही कामे कार्यालयातील संगणक करतो. दुसऱ्याने फक्त दस्तऐवज सोपवायचा असतो. अट इतकीच, की कार्यालयातील संगणक त्या वेळी चालू असला पाहिजे.

पुढे कधी नवा प्रिंटर घेण्याची वेळ आली, तर खोक्यावर एअरप्रिंट, मोप्रिया किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर यांपैकी एखादे नाव आहे का, ते पाहून घ्यावे. असे प्रिंटर ड्रायव्हरवाचून चालतात. कप्सची पुढची मोठी आवृत्ती, ३.०, जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर थेट स्वीकारणार नाही. तेव्हा १०२० सारख्या प्रिंटरांसाठी ‘प्रिंटर ॲप्लिकेशन’ नावाचा वेगळा दुवा मध्ये बसवावा लागेल, आणि एचपीलिपसाठी तसा दुवा ओपनप्रिंटिंगच्या मंडळींनी आधीच तयार केलेला आहे. मिंट २२ ला सुरक्षा अद्यतने २०२९ पर्यंत मिळणार आहेत, त्यामुळे तोवर आपल्याला यात हात घालण्याचे कारण नाही.