खाते माझ्या नावाचे, ओटीपी मात्र यांच्या मोबाइलवर

प्रश्न (प्रतापनगर, नागपूर)
मी शिक्षिका असून गेली 14 वर्षे स्वतःचा पगार घेते आहे. मागच्या आठवड्यात सीताबर्डीवरील एका बँकेत एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणे) सुरू करायला गेले, तेव्हा तेथील अधिकाऱ्याने जोखमीची सगळी माहिती सोबत आलेल्या यांना सांगितली, अर्ज तेवढा सहीसाठी माझ्याकडे सरकवला आणि वर ‘मॅडमसाठी एफडीच बरी’ असेही म्हटले. सासूबाईंचे म्हणणे, बाईमाणसाने सोने घ्यावे. पैशाच्या बाबतीत बायका स्वभावतःच भित्र्या असतात, असे मानायला खरोखर काही आधार आहे का?

उत्तर 1
ब्रॅड बार्बर आणि टेरन्स ओडीन या वित्त-अभ्यासकांनी अमेरिकेतील एका शेअर दलाली पेढीच्या 35,000 हून अधिक कुटुंबांचे 1991 ते 1997 या काळातील व्यवहार तपासून 2001 साली निबंध प्रसिद्ध केला. त्यात पुरुषांची उलाढाल, म्हणजे शेअरची खरेदी-विक्री, स्त्रियांपेक्षा 45 टक्के जास्त आढळली. हातातले शेअर तसेच ठेवले असते तर जे मिळाले असते, त्याच्या तुलनेत या उलाढालीमुळे पुरुषांचा निव्वळ परतावा वर्षाला 2.65, तर स्त्रियांचा 1.72 टक्केबिंदूंनी घटला. लेखकांनी त्याचे कारण पुरुषांच्या फाजील आत्मविश्वासात शोधले. अभ्यास परक्या देशातला आणि जुना आहे हे खरे. पण दिवाळीच्या मुहूर्ताला घेतलेला शेअर मी स्वतः गुढीपाडव्यापर्यंत कधी टिकवलेला नाही.

उत्तर 2 (महाल)
सासूबाईंना हसू नका. हिंदू कुटुंबांच्या वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलींना मुलांइतका जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रात 1994 साली मिळाला, तोही तेव्हा अविवाहित असलेल्यांनाच. देशभर तो 2005 साली आला. त्याआधी बहुतेक बायकांकडे प्रत्यक्षात आपले म्हणता येईल असे स्त्रीधन, म्हणजे मुख्यतः दागिनेच असत. माझी आई 20 जणींची बोलीची भिशी चालवीत असे, म्हणजे जमलेल्या रकमेतला जास्तीत जास्त हिस्सा सोडेल तिला ती आधी मिळे. कोणी किती रक्कम सोडून भिशी उचलते, सोडलेली रक्कम वाटल्यावर प्रत्येकीच्या वाट्याला काय येते, आणि मुख्य म्हणजे कोणाला आधी उचलू द्यायची नाही, हे सारे तिला तोंडपाठ असे. घरात बेसा भागातील प्लॉटचा विषय निघाला की त्याच आईला चहा ठेवायला आत पाठवीत.

उत्तर 3
मी करसल्लागार आहे. तुमच्या नावावरील गुंतवणुकीसाठी पतीने पैसे भेट दिले असतील, तर त्यावरील उत्पन्न त्यांच्याच उत्पन्नात धरले जाते. पगारातून गुंतवले तर ते तुमचे. म्हणून एसआयपीचा हप्ता थेट पगाराच्या खात्यातूनच वळता करा. आणि आधी एक पाहा: खात्याला नोंदवलेला मोबाइल क्रमांक, म्हणजे ज्यावर ओटीपी येतो तो, कोणाचा आहे?

प्रश्नकर्ती
क्रमांक यांचाच निघाला, म्हणजे आजवर माझ्या नावावरील प्रत्येक ऑनलाइन व्यवहाराला मंजुरी यांच्या फोनवरूनच जात होती. आज सकाळी बदलाचा अर्ज भरला. ‘मग मला कळणार कसे?’ असे यांनी विचारले. त्यावर आमचे बोलणे अजून चालू आहे.